सत्तरपैकी चौसष्ट

मी कुणाला आमच्या नाणेवाल्यांचा एक किस्सा सांगायला घेतला की तो एकटा येतच नाही. मागून दुसरा येतो, त्याच्या मागून तिसरा. नाणी जमवणाऱ्याकडची नाणी म्हातारपणी कमी कमी होत जातात. काही विकली जातात, काही मुलांना हौस नसते म्हणून सोनाराकडे जातात, काही कुठे ठेवली तेच आठवत नाही. किस्से मात्र कुणी मागत नाही, त्यामुळे ते सगळे शिल्लक राहतात!

भाईंदर ईस्टला, केबिन रोडवर माझं चष्म्याचं दुकान होतं. रविवारी दुपारी दुकान बंद असायचं, पण शटर अर्धंच खाली. आत आम्ही पाच जण. मंडळ वगैरे काही नाही, नाव नाही, अध्यक्ष नाही. माझ्याकडे जमायचं कारण सरळ होतं. माझ्याकडे भिंगं होती, टेबलावर चांगला लाइट होता आणि समोरच्या हॉटेलातून हाक मारली की चहा यायचा.

देवस्थळी विमा कंपनीत, क्लेम खात्यात. गिरगावातली खोली सोडून नवघर रोडला नवीन सोसायटीत राहायला आलेले. बोलणं मोजकं, शर्ट कायम इस्त्रीचा. जयंतीभाईंचा स्टीलच्या भांड्यांचा गाळा होता. दिवसभर पॉलिशच्या धुळीत असायचे, आणि तरी चमकतं नाणं बघितलं की माणूस वेडा व्हायचा! हरेश्वर पाटील राई गावचा, टेलिफोन खात्यात. आणि कामत, रेल्वेत टीसी. ऐंशीचं दशक संपता संपता आम्ही बसायला लागलो ते पुढे दहाएक वर्षं बसत होतो.

*

सुरुवातीला नाण्याची प्रत ठरवायची पद्धत अशी होती की पद्धतच नव्हती. नाणं माझं असेल तर 'एकदम करकरीत', तुझं असेल तर 'ठीक आहे, चालेल'.

एकदा देवस्थळींनी जयंतीभाईंशी अदलाबदल केली. पंचम जॉर्जचा एक रुपया दिला आणि बदल्यात दुसरा घेतला. देताना म्हणाले, "बघून घ्या जयंतीभाई. राजाच्या भुवईचा केस न् केस दिसतोय. वापरलेलाच नाही."

जयंतीभाई खूश. रुमालात गुंडाळून घेऊन गेले.

दिवाळीनंतर जयंतीभाईंना दुसरं काहीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी तोच रुपया देवस्थळींसमोर ठेवला. देवस्थळींनी भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग मान हलवून म्हणाले, "घासलाय हो. भुवया गेल्यात."

जयंतीभाई शांतपणे म्हणाले, "देवस्थळी, दिवाली के पहले आपके पास थी तब भुवई थी. मेरे घर में आके किसने खाई?"

आम्ही हसून हसून लोळलो. देवस्थळी हसले नाहीत. पण त्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं की आपल्यापैकी कुणाच्याच डोळ्यांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. कुणीतरी तिऱ्हाईत पाहिजे.

*

तो तिऱ्हाईत निघाला अमेरिकेत!

देवस्थळींचा मेव्हणा न्यू जर्सीला. तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने सांगितलं की तिकडे आता कंपन्याच निघाल्यात. नाणं पाठवायचं, फी भरायची. त्यांची माणसं तपासतात आणि सत्तरपैकी मार्क देतात. मग नाणं प्लास्टिकच्या चपट्या डबीत कायमचं सील करून परत पाठवतात, वर मार्कांचं लेबल. सत्तरपैकी का, शंभरपैकी का नाही, हे मेव्हण्यालाही सांगता आलं नाही. एवढंच कळलं की साठच्या वर म्हणजे बाजारात न वापरलेलं, नवं.

देवस्थळींनी एक नाणं त्याच्याबरोबर पाठवलं. काही महिन्यांनी ते परत आलं. त्या रविवारी हरेश्वर उशिरा आला. शटरखालून वाकून आत येतोय तोच देवस्थळी त्याला म्हणाले, "पाटील, माझं नाणं स्लॅबमध्ये आलं!"

हरेश्वर तसाच वाकलेला थांबला. "कुठल्या बिल्डिंगच्या?"

त्याची काही चूक नव्हती. राईला त्याच्या घराशेजारची सगळी शेतं तेव्हा बिल्डरांनी घेतली होती, रोज कुठला ना कुठला स्लॅब पडत होता. त्याला वाटलं, बिचाऱ्याचं नाणं काँक्रीटमध्ये पडलं. "सेंट्रिंगवाल्याला लगेच सांगायचं ना!" असंही म्हणाला.

त्या प्लास्टिकच्या डबीलाच स्लॅब म्हणतात हे समजावेपर्यंत चहा गार झाला. मग डबी हातोहात फिरली. जयंतीभाई आयुष्यभर भांड्याला टिचकी मारून माल ओळखणारे. त्यांनी डबी कानाशी धरली, नखाने वाजवली, मग माझ्या काउंटरवर हळूच आपटली. ठक!

"आ तो बोलतुं ज नथी!" ते म्हणाले. हे तर बोलतच नाही!

देवस्थळींनी झडप घालून डबी काढून घेतली. पण जयंतीभाईंचा चेहरा खरंच उतरला होता. चांदीचं नाणं आणि आवाज नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

*

डबीबरोबर एक माहितीपत्रक आलं होतं. इंग्रजी बारीक टाइप. देवस्थळींनी ते आम्हाला वाचून दाखवलं.

"दिलेल्या मार्कांची कंपनी गॅरंटी देते. उद्या असं ठरलं की मार्क जास्त पडलेत, तर किमतीतला फरक कंपनी भरून देईल."

"वाह!" जयंतीभाई म्हणाले. "लाइफटाइम? पातेल्यासारखी?"

"थांबा, खाली आहे." देवस्थळींनी चष्मा नाकावर सरकवला. "डबी उघडली तर गॅरंटी संपली. डबीत नाण्याचा रंग बदलला तर गॅरंटी नाही. लेबलवर टायपिंगची चूक असेल तर गॅरंटी नाही. आणि मार्क कमी पडलेत असं तुमचं म्हणणं असेल, तर पुन्हा पाठवा आणि पुन्हा फी भरा. वाढतीलच असं नाही."

देवस्थळींनी कागदाची नीट घडी केली आणि खिशात ठेवली.

"काय सुंदर ड्राफ्टिंग आहे हो!" ते म्हणाले. "आमच्या साहेबांना दाखवलं पाहिजे."

*

कामत अचानक गेले. ड्यूटीवरून आले, पाणी मागितलं आणि गेले. काही महिन्यांनी कामतवहिनी एका कापडी पिशवीत त्यांची सगळी नाणी घेऊन दुकानात आल्या. विकायला नाही. "रविवारी हे इथे यायचे. घरी मला करमत नाही. मी येऊन बसले तर चालेल का?"

तेव्हापासून त्या यायला लागल्या.

कामतांची एक सवय होती. प्रत्येक नाण्याला स्वतः घडी घालून कागदाचं पाकीट करायचे आणि त्यावर पेन्सिलीने शेरा लिहायचे. 'उत्तम.' 'अत्युत्तम.' 'फारच सुंदर.' सगळी पिशवी बघितली तर त्यात 'बरं' असा शेरा एकावरही नव्हता!

वहिनींच्या मनात आलं, ह्यांची नाणीही अमेरिकेला जाऊ देत. 'अत्युत्तम' लिहिलेली नाणी निवडून मेव्हण्याबरोबर पाठवली. परत आली तेव्हा आम्ही वहिनींच्या आधी डब्या बघितल्या. एकालाही साठ नव्हते. एक तर कुणीतरी कधीतरी घासलेलं म्हणून तसंच परत पाठवलं होतं, डबीशिवाय.

वहिनींना सांगायचं कोणी? शेवटी देवस्थळींनी सांगितलं, क्लेम नाकारताना वापरायचे त्या आवाजात. आणि लगेच म्हणाले, "पण वहिनी, पुन्हा पाठवता येतात. दुसऱ्या माणसाच्या हातात पडली तर कधी कधी वाढतात."

वहिनींनी डब्या एकावर एक रचल्या. "नको हो," त्या म्हणाल्या. "ह्यांचं गाडीतही असंच होतं. सेकंडचं तिकीट घेऊन कुणी फर्स्ट क्लासमध्ये बसला, तर 'दमलाय बिचारा, बसू दे' म्हणायचे. जन्मात कुणाला उतरवलं नाही. ते नाण्यांना कसे उतरवतील?"

मग त्यांनी माझ्याकडून रबरबँड मागून घेतले आणि प्रत्येक डबीवर कामतांचं पाकीट बांधलं. अशा बेताने, की 'अत्युत्तम' वर आणि मार्क खाली झाकलेले.

*

हरेश्वरच्या आईकडे रुपयांची माळ होती. राणीछाप, राजाछाप, सगळे चांदीचे, प्रत्येकाला वर कडी लावून ओवलेले. सणाला आणि लग्नाकार्याला ती घालायची. आम्हाला हरेश्वरने एकदा माळेचा फोटो दाखवला. मी भिंग लावलं आणि ओरडलोच. एक रुपया एकोणीसशे अकराचा होता!

त्या वर्षीच्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावर एक हत्ती आहे, पण त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना ते डुक्कर वाटलं. बोंबाबोंब झाली आणि पुढच्या वर्षी सोंड सुधारली. त्यामुळे तो रुपया जमवणाऱ्यांत नावाजलेला. हरेश्वरने घरी जाऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे लग्नापासून मी गल्यात डुक्कर घालतेय?"

हरेश्वरने तिला पटवलं. वर्षभर पटवत होता. सोनाराने कडी काढून दिली, आणि अशी काढली की जोड कुठे होता ते मला माझ्या सगळ्यात जाड भिंगातूनही दिसेना. देवस्थळींना दिसेना. जयंतीभाई म्हणाले, "फर्स्ट क्लास काम! कोई माई का लाल नहीं पकड सकता."

रुपया गेला आणि प्लास्टिकच्या साध्या पाऊचमध्ये परत आला. मार्क नाहीत. चिठ्ठीवर एवढंच: दागिन्यातून काढलेलं.

त्या रविवारी हरेश्वरने मला बरोबर घेतलं. "तू चल. मला एकट्याला बोलवणार नाही तिच्यासमोर." राईला त्यांच्या ओट्यावर म्हातारी सुकट निवडत बसली होती. हरेश्वरने पाऊच तिच्यापुढे ठेवला.

"आये, परत आला. तिकडच्या सायबाला समजलं. दागिन्यातला हाय म्हणतो."

म्हातारीने मान वर केली. "माज्या गल्यातला हाय ते त्याला कलला?"

"हो."

"तिकडं बसून?"

"हो गं."

म्हातारी अशी हसली की मला वाटलं तिची ऐकण्यात चूक झाली. हातातली सुकट सुपात टाकून तिने रुपया उचलला आणि पदराला पुसला. "तुमी बोलत व्हते कुनाला कलनार न्हाय! बघ, त्याला कलला. बाईमानसाच्या अंगावरचा हाय ते कलला!" शेजारणीला हाक मारून तिने तिलाही सांगितलं.

हरेश्वर हसला नाही. रुपया पुन्हा माळेत बसवायचा तर जुनी कडी पाहिजे होती. सोनाराने ती त्याच्या हातात दिली होती हे त्याला आठवत होतं. कुठे ठेवली ते आठवत नव्हतं.

*

मग जयंतीभाईंच्या एका नाण्याचा एक मार्क वाढला, आणि तिथून सगळं बिघडलं.

सहाव्या जॉर्जचा रुपया होता, बासष्ट पडले होते. फोर्टातल्या एका डीलरने त्यांच्या डोक्यात भरवलं की डबी फोडायची आणि नाणं जणू पहिल्यांदाच येतंय असं पाठवायचं. डबीतून तसंच पाठवलं तर तपासणाऱ्याला आधीचे मार्क दिसतात, त्याचा हात आखडतो. नुसतं नाणं गेलं तर दुसरा माणूस, दुसरा दिवस, दुसरे मार्क! आता फ्रेम बसवायला माझ्या बाकड्यावर छोटा शिकंजा होता, पकडी होत्या. जयंतीभाईंनी तिथेच डबी आवळली आणि कट्कन फोडली.

रुपया परत आला तो त्रेसष्ट घेऊन! जयंतीभाईंनी केबिन रोडवरच्या सगळ्या ओळखीच्या दुकानांत पेढे वाटले. मी नाणं भिंगाखाली धरलं. राजाच्या कानाजवळ जुना ओरखडा होता तो तिथेच होता. रंग तोच, कडा तीच.

"जयंतीभाई, फरक काय पडला?"

"त्रेसष्ट पडला!"

त्यानंतर माझं बाकडं रविवारी रिकामं राहिलं नाही. प्रत्येकाला आपलं नाणं अन्याय झालेलं वाटायला लागलं. कुणाचा एक वाढला, कुणाचा एक उतरला, बऱ्याच वेळा तेवढेच आले. डब्या फुटत होत्या, गॅरंट्या संपत होत्या. पकड निसटून एका नाण्याची कडा चेपली तेव्हा हरेश्वर दोन रविवार आला नाही.

कामतवहिनी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून लोकरीचं विणायच्या. एकदा मान न उचलता म्हणाल्या, "पूर्वी तुम्ही राजाच्या नाकावरून भांडायचात. हल्ली कुणी राजाकडे बघतच नाही."

आम्ही म्हटलं, असं काही नाही वहिनी. पण त्या म्हणाल्या ते खरं होतं. आता मला वाटतं, तेव्हाच आम्ही पकडी ड्रॉवरमध्ये ठेवायला हव्या होत्या.

*

जयंतीभाईंनी तो त्रेसष्टवाला रुपया डबीसकट धनतेरसला पूजेत ठेवला. घरात त्यांची बा, ऐंशीच्या पुढची. तिने बघितलं आणि हटून बसली. "लक्ष्मीजी अंदर गूंगळाय छे!" लक्ष्मीचा आत जीव घुसमटतोय!

"बा, खोलायचं नाही, गॅरंटी जाते," जयंतीभाईंनी सांगितलं.

बा समजूतदार. म्हणाली, नको खोलूस. आणि डबीवरूनच दूध, दही, मध, साखर, सगळ्याचा यथासांग अभिषेक केला! डबी सील होती खरी, पण तिच्या सांध्यातून किती आत गेलं ते होळीच्या सुमाराला दिसलं. राजाच्या गळ्यापासून हनुवटीपर्यंत हिरवं.

"क्लेम टाकू," जयंतीभाई म्हणाले. "देवस्थळी, तुम्ही लिहा. तुमच्यासारखं कोण लिहिणार?"

देवस्थळींनी लिहिलं. आयुष्यभर लोकांचे क्लेम नाकारलेला माणूस पहिल्यांदा क्लेम मागत होता. अभिषेकाचा उल्लेख नव्हता. 'घरगुती धार्मिक वातावरणात ठेवले असता' असे शब्द वापरले होते. आम्ही ऐकून टाळ्या वाजवल्या.

उत्तर यायला बरेच महिने लागले. चार ओळींचं होतं. आमच्याकडून निघालं तेव्हा नाणं चांगलं होतं, नंतर त्याला काय झालं त्याची जबाबदारी आमची नाही, आपल्या नुकसानीबद्दल आम्हाला खेद आहे.

देवस्थळींनी ते दोनदा वाचलं. "मी असतो तरी हेच लिहिलं असतं," म्हणाले. मग जरा वेळाने, कुणाकडेच न बघता: "हे 'खेद आहे' वाचायला कसं लागतं, ते मला माहीत नव्हतं."

*

देवस्थळींचा सातव्या एडवर्डचा अर्धा रुपया आज कुठे आहे, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही.

आमच्या सगळ्यांच्या नाण्यांत ते सगळ्यात सुंदर होतं. कडेने निळसर करडी झाक चढलेली, कबुतराच्या मानेसारखी. नोकरी लागली तेव्हा त्यांच्या वडिलांनी त्यांना दिलं होतं. ते अमेरिकेला पाठवायला देवस्थळी बरीच वर्षं तयार नव्हते. शेवटी पाठवलं, आणि सत्तरपैकी चौसष्ट पडले.

चौसष्ट म्हणजे फार चांगले. पण पासष्टला तिकडे 'जेम' म्हणतात, रत्न. चौसष्टला काहीच म्हणत नाहीत. देवस्थळींनी तो एक मार्क मनाला लावून घेतला. डबी घेऊन यायचे, लाइटखाली धरायचे आणि म्हणायचे, "तुम्हीच सांगा, ह्यात एक मार्क कापण्यासारखं काय आहे?" खरंच काही नव्हतं.

आता मेधाचं सांगितलं पाहिजे. मेधा त्यांची एकुलती एक मुलगी. आदल्या वर्षी बारावी सायन्सला होती. हुशार मुलगी, डॉक्टर व्हायचं लहानपणापासून ठरलेलं. मेडिकल दोन मार्कांनी हुकलं. फिजिक्स, केमिस्ट्रीत चांगले, बायोलॉजीत कमी पडले. तिचा सगळ्यात आवडता विषय. तिच्या कॉलेजच्या मॅडम स्वतः म्हणाल्या, "रिचेकिंगला टाक. एवढे कमी येणारच नाहीत तुला."

देवस्थळींनी फॉर्मवर सही केली नाही. आम्हाला त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, ह्याच दुकानात. "मी तिला म्हटलं, बोर्डात माणसं बसलीत ती काय खेळायला? विचार करूनच मार्क दिलेत त्यांनी. दिलेले मार्क ते मार्क. आहे ते मान्य करायला शिकायचं, नाहीतर आयुष्यभर रडत बसशील." मुदत निघून गेली. मेधाने बी.एस्सी.ला ॲडमिशन घेतली. घरात पुन्हा तो विषय निघाला नाही, असं देवस्थळी सांगायचे. पोरीने समजूतदारपणे घेतलं, असंही सांगायचे.

तर त्या रविवारी देवस्थळी मेधाला घेऊन आले. कॉलेजचं दुसरं वर्ष सुरू व्हायचं होतं, तिला चष्मा लावूनही फळ्यावरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून नंबर तपासायचा होता. मी तिला खुर्चीवर बसवलं. डोळ्यांवर तपासणीची ती जड गोल फ्रेम चढवली आणि एकेक भिंग घालायला लागलो. मागे बाकड्यावर देवस्थळी शिकंजा आवळत होते. अर्ध्या रुपयाची डबी फोडायचं अखेर त्यांनी ठरवलं होतं.

जयंतीभाईंनी विचारलं, "देवस्थळी, पक्का? चौंसठ कम नहीं है."

"प्रश्न कमी-जास्तीचा नाही," देवस्थळी म्हणाले. एरवी मोजकं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी बोलत सुटले. "माझं म्हणणं एवढंच आहे की एकदा नीट बघा. तिथे काय होत असेल विचार करा. एक माणूस सकाळपासून नाणी तपासतोय. समोर ढीग. डोळे दमलेत, घरी जायचंय. दिवसातलं शेवटचं नाणं माझं. त्याने घाईत चौसष्ट लिहिलं आणि उठला. त्याच्या एका दमलेल्या मिनिटाची शिक्षा ह्या नाण्याने जन्मभर का भोगायची? अहो, दुसऱ्यांदा बघायला सांगणं हा हक्क आहे! तो मागितला नाही तर चूक आपली."

कट्! डबीला तडा गेला.

मेधा खुर्चीत ताठ बसली होती. चेहरा समोरच्या अक्षरांकडे. त्या फ्रेममुळे तिचे डोळे मला दिसत नव्हते.

"बाबा," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, सकाळी किती वाजता निघायचं ते विचारावं तसा. "माझा बायोलॉजीचा पेपरही कुणीतरी संध्याकाळीच तपासला असेल का?"

कामतवहिनींच्या सुया थांबल्या. बाहेर कुणीतरी भांड्यांची हातगाडी ढकलत नेत होतं, तिचा आवाज शटरपासून पार कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर ऐकू आला.

देवस्थळींनी शिकंजा सैल केला. फुटलेल्या डबीतून अर्धा रुपया काढला. नेहमी ते नाणं कडेने, दोन बोटांत धरायचे. आज मुठीत घेतला. मग शर्टाच्या खिशात हात घालून, तिथल्या सुट्ट्या पैशांत तो टाकला. आत खुळखुळल्याचं आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

"मी बाहेर आहे," एवढंच म्हणाले आणि शटरखालून वाकून गेले.

जयंतीभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? हातात भिंग होतं. फ्रेममधलं एक काढून मी ते घातलं.

"मेधा, आता बघ. हे बरं की आधीचं?"

तिने शेवटच्या ओळीकडे बराच वेळ बघितलं.

"दोन्ही सारखंच दिसतंय, काका," ती म्हणाली. "आहे तोच नंबर राहू द्या."